अश्वत्थाम्याला घर

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं असताना, 3 मार्च 1865 रोजी, अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. युद्धात जायबंदी झालेल्या स्वयंसेवक सैनिकांच्या राहण्याची सोय सरकारी खर्चाने करणारी संस्था त्या कायद्यातून उभी राहिली. तिच्या नावात ‘असायलम’ हा शब्द होता. 1873 मध्ये तो काढून त्या जागी ‘होम’ घालण्यात आला. इमारती त्याच राहिल्या, रहिवाशांचा निळा गणवेशही राहिला, फक्त नाव बदललं.

असायलम म्हणजे मुळात आसरा, पाठलाग करणाऱ्याचा हात पोचणार नाही अशी जागा. पण एकोणिसाव्या शतकात त्या शब्दाला वेड्यांच्या इस्पितळाचा वास लागला होता आणि तो धुऊन जाण्यासारखा नव्हता. शब्द बदलून माणसाचं काय भलं होतं, असं कुणी विचारलं तर भाषांतर करून पोट भरणाऱ्या बाईने काय उत्तर द्यावं! त्या पत्त्यावरून गावी पत्र लिहिणाऱ्याला नक्कीच फरक पडला असेल, एवढं मी म्हणेन.

हा इतिहास माझ्या वाट्याला आला तो एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करताना. युद्धावरून परतलेले, मनाचे आजार जडलेले आणि रस्त्यावर आलेले सैनिक, आणि त्यांच्यासाठीचं ‘सपोर्टिव्ह हाऊसिंग’. पहिल्याच पानावर मी अडले. ‘आधारगृह’ लिहिलं आणि खोडलं. मराठीतलं हे शेपटाला लागणारं ‘गृह’ मोठं बेरकी आहे. सुधारगृह, निरीक्षणगृह, बालगृह, कारागृह. आपल्या चांगल्या दिवसांतलं वसतिगृहसुद्धा. या सगळ्या ठिकाणी रात्री दार किती वाजता बंद व्हायचं हे आत राहणारा माणूस ठरवत नाही. ‘घर’ हा त्याच ‘गृहा’च्या कुळातला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द, पण तिथली किल्ली राहणाऱ्याच्या खिशात असते. ‘सहाय्यित निवास’ हा सरकारी पर्याय होताच. तो वाचून कुणालाही तिथे राहावंसं वाटणार नाही.

शब्द अडतो तेव्हा बहुधा विचारही तिथेच कुठेतरी अडलेला असतो. म्हणून आधी ती गोष्ट नेमकी काय आहे ते पाहू.

अमेरिकेत बेघर माजी सैनिकांसाठी ‘हड-व्हॅश’ नावाची योजना आहे. 1992 मध्ये ती लहान प्रमाणात सुरू झाली आणि 2008 पासून तिला भरघोस पैसा मिळू लागला. गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं. सैनिकाने आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडं भरायचं, वरचं सरकार भरतं. माजी सैनिकांचं खातं त्याच्यामागे एक केस मॅनेजर देतं. तो घरी येतो, दवाखान्याची वेळ ठरवून देतो, घरमालकाशी भांडण झालं तर मध्ये पडतो. घर बहुतेक वेळा चार लोकांच्या इमारतीतलंच असतं आणि भाडेकरार सैनिकाच्या नावावर असतो. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या सरकारी भाषेत असा माणूस ‘लाभार्थी’ झाला असता. तिथे तो भाडेकरू आहे. लाभार्थ्याचे फोटो काढता येतात. भाडेकरूच्या घरात शिरायचं तर आधी दार वाजवावं लागतं.

यामागचा विचार न्यूयॉर्कमध्ये 1992 च्याच सुमारास सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने उभा केला. तोवरची रीत पायऱ्यांची होती. आधी निवाऱ्यात या, दारू सोडा, गोळ्या नियमित घ्या, मग सामूहिक खोली, मग देखरेखीखालचं बिऱ्हाड, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर स्वतःचं घर. मधल्या कुठल्याही पायरीवर पाय घसरला की पुन्हा फुटपाथ. त्सेंबेरिसने शिडीच काढून टाकली. घर आधी, बाकी सगळं नंतर, आणि तेही माणसाला हवं असेल तर. गोळ्या नाकारल्या म्हणून घर जाणार नाही. ते जाईल फक्त ज्या कारणांसाठी तुमचं-माझं जातं त्याच कारणांसाठी: भाडं थकलं, मोडतोड केली, शेजाऱ्यांना जगणं अशक्य केलं.

हे सगळं मी एका परिचित गृहस्थांना सांगत होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, सरळमार्गी. ते म्हणाले, “म्हणजे दारू सोडणार नाही, औषध घेणार नाही, आणि वर फ्लॅट? मग आम्ही वीस वर्षं हप्ते फेडले ते काय मूर्ख म्हणून?”

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. न्यायाची एक साधी, घरगुती कल्पना त्यात आहे: मिळवावं आणि मग उपभोगावं. तिच्यावरच बहुतेक सज्जन माणसं जगतात. तिला ‘पण हे सरकारला स्वस्त पडतं’ असं उत्तर देण्याची पद्धत आहे. रस्त्यावरचा आजारी माणूस इस्पितळ, पोलीस आणि तुरुंग यांच्यामध्ये फिरत राहतो, त्याचा खर्च घरापेक्षा जास्त होतो, वगैरे. काही माणसांच्या बाबतीत ते खरंही आहे. मला मात्र हे उत्तर आवडत नाही. उद्या हिशेब उलटा निघाला, घर महाग पडलं, तर त्याला परत फुटपाथवर सोडायचं का?

दुसरं उत्तर अनुभवाच्या जास्त जवळचं आहे. मनाच्या आजारांवरच्या पुष्कळ औषधांनी झोप जड होते. रस्त्यावर जड झोप परवडत नाही. चपला जातात, कागदपत्रं जातात, मार बसतो. युद्धातून आलेल्या माणसाला तर एक डोळा उघडा ठेवून झोपायचं शिकवूनच परत पाठवलेलं असतं. त्याला ‘आधी नियमित औषध घे, मग दार देतो’ असं सांगणं म्हणजे आधी पोहून दाखव, मग पाण्यात सोडतो, असं म्हणण्यासारखं आहे.

पण माझ्या परिचितांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्या स्वतःच्या घरात आहे, असं मला वाटतं. घर असलेला माणूस घरात पितो, औषधं चुकवतो, आठवडाभर अंघोळ करत नाही, बायकोशी अबोला धरतो. त्याच्या दुर्गुणांवर छप्पर असतं. बेघराचे तेच दुर्गुण चारचौघांत होतात आणि म्हणून त्याची परीक्षा होते. आपण घरं मिळवली ती पगारामुळे, बापाच्या जमिनीमुळे, बँकेच्या कर्जामुळे; चारित्र्याची तपासणी करून ती कुणी आपल्याला दिली नव्हती. हप्ते फेडणं हा सद्गुण आहे, मान्य. पण हप्ते फेडण्याआधी आपल्याला कर्ज मिळालं, आणि ते आपण काय फेडू शकू याच्या अंदाजावर मिळालं. विश्वास आधी आणि परतफेड नंतर, हा क्रम बँकवाल्या माणसाला तरी परका नसावा.

आता सैनिकाकडे येऊ, कारण तिथे हा वाद वेगळ्याच वळणावर जातो. सैनिकाच्या बाबतीत ‘त्याने काय मिळवलंय’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो आपल्यासाठी लढला, आपण त्याचे देणेकरी आहोत. ही ऋणाची भाषा फार बलवान आहे आणि तिने काय साधलं ते आकड्यांत दिसतं. अमेरिकेत 2010 च्या मोजणीत 74,087 माजी सैनिक बेघर होते. जानेवारी 2024 मध्ये ते 32,882 उरले, म्हणजे निम्म्याहून कमी. त्याच 2024 च्या मोजणीत एकूण बेघरांचा आकडा 7,71,480 होता आणि तो एका वर्षात 18 टक्क्यांनी वाढला होता. एकाच देशात, बऱ्याचदा एकाच रस्त्यावर, एका गटाची माणसं घरात जात होती आणि बाकीची बाहेर येत होती. उपाय ठाऊक नव्हता असं आता कुणाला म्हणता येणार नाही. उपाय ठाऊक होता. तो कुणासाठी वापरायचा हे ठरलेलं होतं.

पण ऋणाची भाषा सैनिकालाही पुरत नाही. ऋण म्हटलं की वही आली, आणि वही आली की कारकून आला. सैन्यातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या कागदावर एक शेरा असतो. ‘अदर दॅन ऑनरेबल’, म्हणजे सन्मानाने निवृत्त नाही असा शेरा बसला, की पुष्कळ सवलती बंद होतात. तो शेरा कशाने बसतो? हजेरीला न जाणं, वरिष्ठाच्या अंगावर धावून जाणं, दारू, अमली पदार्थ. युद्धाने मन मोडलेला माणूस नेमकं हेच करतो. म्हणजे जखमेची लक्षणं दिसली म्हणून जखमी माणूस वहीतून खोडला गेला. हड-व्हॅशचं दार अशा सैनिकांसाठी किलकिलं झालं ते 2021 च्या एका कायद्याने.

दुसरा प्रकार आणखी विचित्र. काही इमारती फक्त अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलेल्या असतात. सैनिकाला अपंगत्वाची जी भरपाई मिळते ती ‘उत्पन्न’ म्हणून मोजली जात होती. त्यामुळे ज्याची जखम जास्त, त्याची भरपाई जास्त, आणि म्हणून तो त्या घरासाठी जास्त ‘श्रीमंत’. 2024 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात हा भेदभाव असल्याचं म्हटलं गेलं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गृहनिर्माण खात्याने नियम बदलला. काफ्काने हे लिहिलं असतं तर समीक्षकांनी अतिशयोक्ती म्हटली असती.

लॉस एंजेलिसचा तो खटला ज्या जमिनीवरून झाला तिची कथाही सांगण्याजोगी आहे. 1888 मध्ये आर्काडिया बांदिनी दे बेकर आणि सिनेटर जॉन जोन्स यांनी जायबंदी सैनिकांच्या घरासाठी शहराच्या पश्चिमेला जमीन दान केली. तिथे सैनिकांची वस्ती झाली, पुढे विसाव्या शतकात राहण्याची सोय हळूहळू बंद पडत गेली आणि जमीन मात्र सोन्याची झाली. आज ती 388 एकर आहे. तिच्यावर एका विद्यापीठाचं बेसबॉलचं मैदान आलं, एका खाजगी शाळेची क्रीडांगणं आली, आणि 2020-21 मध्ये तिच्या कुंपणाबाहेर सॅन व्हिसेंटे रस्त्यावर माजी सैनिकांचे तंबू लागले. तंबूंवर राष्ट्रध्वज होते. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी तिथे 1,800 कायमची आणि 750 तात्पुरती घरं बांधण्याचा आदेश दिला. अपिलं व्हायची ती झालीच.

माझं शिक्षण तौलनिक साहित्यातलं, त्यामुळे असं काही वाचलं की मन जुन्या गोष्टींकडे धावतं. सोफोक्लीजच्या नाटकातला फिलोक्टेटिस मला आधी आठवला. पायाची जखम चिघळली, तिचा वास आणि त्याचं ओरडणं सहन होईना, म्हणून ग्रीकांनी त्याला लेम्नॉस बेटावर टाकून दिलं. वर्षांनंतर ते परत आले, कारण त्याच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही अशी भविष्यवाणी झाली होती. अमेरिकेत हे नाटक सैनिकांसमोर वाचलं जातं आणि ते त्यांना भिडतं, यात नवल नाही. पण फिलोक्टेटिसकडे धनुष्य होतं. परत नेण्याजोगं काहीतरी त्याच्यापाशी उरलं होतं.

आपल्याकडच्या अश्वत्थाम्यापाशी तेही नाही. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आहे. त्याला मिळालेला शाप नीट वाचला तर अंगावर काटा येतो. तीन हजार वर्षं भटकत राहशील, सोबत कुणी नसेल, कुणाशी बोलणं होणार नाही, अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी येईल, माणसांच्या वस्तीत तुला जागा मिळणार नाही. मरण ही शिक्षा कमी वाटली म्हणून बेघरपण दिलं. आणि तो निरपराध नव्हता. झोपलेल्या मुलांना त्याने मारलं होतं. त्याआधी त्याच्या बापाला सत्यवादी म्हणवणाऱ्याच्या अर्धवट वाक्याने शस्त्र खाली ठेवायला लावून मारलं होतं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे हे मनोविकारतज्ज्ञ. वरिष्ठांनी नीतीचा विश्वासघात केला की लढणाऱ्याच्या मनाला जी इजा होते, तिला त्यांनी ‘नैतिक जखम’ म्हटलं. ते अकिलीजकडे बोट दाखवतात. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही.

आणि तरीही मराठी घरांतून त्याला तेल दिलं जातं. अभ्यंगाच्या वेळी अंगाला तेल लावण्याआधी चार थेंब जमिनीवर लावायची पद्धत माझ्या आजोळी होती. चिरंजीवांसाठी, असं कुणी सांगे. आजी म्हणे, अश्वत्थाम्याच्या जखमेला. अशीरगडापासून नर्मदेच्या काठापर्यंत तो तेल मागत हिंडताना दिसल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. तेल देताना कुणी त्याचा गुन्हा काढत नाही. तो कुठल्या बाजूने लढला, सन्मानाने निवृत्त झाला का, मुलं का मारलीस, यातलं काही विचारलं जात नाही. जखम आहे, तेल आहे. ऋणाच्या भाषेपलीकडचं काहीतरी या चार थेंबांत आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मात्र त्याच्या मर्यादाही तिथेच दिसतात. तेल जमिनीवर लावायचं, म्हणजे त्याला दारात उभं करावं लागत नाही. कुठल्याही गोष्टीत त्याला कुणी ‘आत ये, बस’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

2025 मध्ये अमेरिकेत दोन आदेश निघाले. मे महिन्यातल्या आदेशाने लॉस एंजेलिसच्या त्याच जमिनीवर 2028 पर्यंत 6,000 बेघर माजी सैनिकांची सोय करायचं ठरवलं. जुलैमधल्या आदेशाने ‘आधी घर’ या धोरणाचा सरकारी पाठिंबा काढून घ्यायला आणि रस्त्यावरच्या मनोरुग्णांना संस्थांमध्ये ठेवण्याची तरतूद वाढवायला सांगितलं. असायलम आणि होम हे दोन्ही शब्द एकाच वर्षी पुन्हा शेजारीशेजारी आले. ज्याने मिळवलं त्याला घर, बाकीच्यांना गृह. यात विसंगती आहे असं काही जण म्हणतात. मला त्यात भयंकर सुसंगती दिसते. घर हे बक्षीस मानलं की हेच होणार. आणि सैनिकालाही त्यात निश्चिंत राहता येणार नाही, कारण बक्षीस परत घेता येतं.

‘आधी घर’च्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट लपवू नये. कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर याचा मोठा प्रयोग झाला. घर मिळालेले लोक घरात टिकले, इतरांपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकले. पण आजाराची लक्षणं आणि व्यसनं यांत दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही. घराने भ्रम जात नाहीत. रात्री तीन वाजता ऐकू येणारे स्फोट थांबत नाहीत. विरोधक याला अपयश म्हणतात. मी विचारते, घराकडून ही अपेक्षा आपण कधीपासून करायला लागलो? माझ्या घराने माझी अर्धशिशी बरी केलेली नाही. डोकं दुखतं तेव्हा पडदे ओढून मी पडून राहू शकते, इतकंच त्या घराने केलं आहे, आणि माझ्या लेखी ते पुरेसं आहे.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. आतून कडी लावता येणारं दार माणसाला दिलं, की कडी लावून तो आत काय करेल यावरचा आपला ताबा जातो. तो आठ दिवस बाहेर येणार नाही. तो एकटा मरेलही. आत्महत्येची भीती ज्याच्या बाबतीत खरी आहे अशा माणसाला एकांत देणं हा आदर की हयगय? ‘सपोर्टिव्ह’ या विशेषणाचं सगळं वजन इथे आहे. केस मॅनेजरने किती वेळा दार वाजवायचं? उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं? घरमालकाकडची दुसरी किल्ली कधी मागायची? याला नियम करता येतील, पण नियमाने उत्तर मिळेल असं मला वाटत नाही. रोज कुणाला तरी जिन्यात उभं राहून ते ठरवावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न दिसत नाही, याचं कारण तो घरात जिरतो. खडकीला पाय लुळे पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे आणि त्याबद्दल अभिमानाने बोललं जातं. मणक्याची जखम दाखवता येते. मनाची जखम घेऊन आलेला जवान गावी जातो. सातारा जिल्ह्यात माझ्या सासरच्या भावकीत असे एक होते. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणे, हुद्द्याने ते नाईक होते. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ एवढंच त्यांच्याबद्दल बोललं जाई. पडवीतली एक खोली त्यांची. पेन्शन तालुक्याला यायची, ती आणायला पुतण्या सोबत जायचा. त्यांना ताट नेऊन देणं, ते जेवले की नाही ते पाहणं, पावसाळ्यात विजा कडाडल्या की बाहेर बसून राहणं, हे सारं त्यांच्या थोरल्या वहिनीने केलं, अठरा वर्षं. अमेरिकेत त्या कामाला पगार आहे, पदवी लागते. इथे त्याला ‘घरचंच आहे’ म्हणतात. कुटुंबाची थोरवी मी नाकारत नाही, पण ती सांगताना बहुतेक वेळा एखाद्या बाईचं आयुष्य हिशेबातून गळतं.

आणि ज्याला अशी वहिनी नाही त्याचं काय? आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणतं की घरच्यांनी नाकारलं किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. ते वाचताना त्यात ‘पात्र’ हा शब्द मी शोधला. नाही. सैनिक, गुन्हेगार, भिकारी, कुणीही. कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. जमिनीवर चेन्नईच्या ‘द बनियन’ने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘होम अगेन’सारखी थोडी उदाहरणं आहेत. वर्षानुवर्षं संस्थेत काढलेल्या चार-पाच बायका साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, भाजी कुठली आणायची यावर भांडतात, आणि मदतीला एक जण येऊन-जाऊन असते.

मेजर गेल्यावर त्या खोलीत आता मोटरपंपाचं सामान असतं. वहिनी हयात आहेत, ऐंशीच्या पुढच्या. मागे मी त्यांना विचारलं, इतक्या वर्षांत भीती नाही वाटली का? त्या म्हणाल्या, “वाटायची की. पण आधी हाक मारायची. ‘ओ’ आली तरच आत जायचं.” आणि ‘ओ’ आली नाही तर, असं मी पुढे विचारलं. “मग ताट दाराशी ठेवायचं आणि उंबऱ्यापाशी बसायचं.” किती वेळ, हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण तोवर त्या चहा ठेवायला उठल्या होत्या.

त्या लेखाच्या भाषांतरात मी शेवटी ‘सोबतीचं घर’ असं लिहून पाठवलं. संपादकांनी ते बदलून ‘सहाय्यित निवास’ केलं आहे. मुद्रितं अजून माझ्याकडे आहेत.